बोलपाटीला तडा

कंपनीचा माणूस सोमवारी येणार होता आणि मी त्याच्या हातात पाटी देणार नव्हते, एवढं माझं ठरलं होतं. न देता पुढं करणार काय, ते तेवढं ठरायचं होतं.

"आई, उगीच हट्ट करू नकोस," ऋजुता म्हणाली. ऋजुता माझी एकुलती एक लेक, पुण्याला असते. आमच्या भिंतीवरच्या पडद्यावर तिचं तोंड फ्रिजएवढं दिसतं, त्यामुळं तिचा रागही तेवढाच दिसतो. "तडा गेलेली पाटी द्यायची, कोरी करकरीत नवी घ्यायची, तीही फुकट. ह्यात विचार करण्यासारखं काय आहे?"

"नव्या पाटीला तुझे बाबा कोण ते ठाऊक आहे?"

"शिकेल की. ही नाही का शिकली?"

"ही शिकली तेव्हा बाबांच्या बोटांत जोर होता."

ती म्हणाली, "मग तू काय घरी उघडणार आहेस? आई, ते शिलाई मशीन नाही."

झालं! मिरच्या झोंबल्या मला. तीस वर्षं मी वडगावच्या पेठेत शिलाई मशीनं दुरुस्त केली. पायमशीनं केली, मोटारीची केली, शेवटी शेवटी कापड ओळखून स्वतःच टाका बदलणारी आली तीही केली. माझा एकच नियम होता. झाकण उघडून बघितल्याशिवाय कशालाही 'गेलं' म्हणायचं नाही.

"शिलाई मशीन नाही हे मलाही दिसतंय, डोळे शाबूत आहेत माझे," मी म्हटलं आणि पडदा बंद केला.

आता ज्यांच्या घरी बोलपाटी नाही त्यांच्यासाठी आधीपासून सांगते. आमचे हे, रंगराव चौगुले, म्हशींच्या बाजारातले दलाल. अख्खा बाजार ह्यांना तात्या म्हणतो. आवाज असा की म्हैस ह्यांच्या शेजारी हंबरली तरी लोकांना तात्याच ऐकू यायचे. चार वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि जीभही गेली. कळतं सगळं, अगदी सगळं, पण तोंडातून शब्द फुटत नाही. डावा हात तेवढा राहिला, तोही अर्ध्या जोराचा.

तेव्हा दवाखान्यानं ही पाटी दिली. दिसायला साधा टॅबलेट, जेवणाच्या ताटाएवढा. खरी गंमत आहे काचेत. काचेखाली कांद्याच्या पापुद्र्यासारखा एक थर असतो. बोट दाबलं की त्या थरातून अगदी बारीक वीज जाते, आणि ज्या वाटेनं ती वारंवार जाते ती वाट रुंद होत जाते. शेतातून रोज माणसं गेली की पायवाट पडते ना, तसंच. बोट कुठं टेकतं, किती दाबतं, कुठं थरथरतं आणि त्या वेळी ह्यांना काय म्हणायचं असतं, ते ती काच हळूहळू शिकली. मग ह्यांच्याच आवाजात बोलायला लागली. तो आवाज लग्नाच्या आणि बाजाराच्या जुन्या व्हिडिओंतून काढलेला. हे सगळं शिकलेलं काचेतच राहतं, त्याची नक्कल काढता येत नाही. एका शेतातली पायवाट उचलून दुसऱ्या शेतात कशी ठेवणार?

काचेच्या कडेला बोटभर रुंदीची आणखी एक पट्टी असते. तिला अंदाजपट्टी म्हणतात. आजारी माणूस दाबून दाबून दमू नये म्हणून ती पुढचं वाक्य आधीच ओळखून ठेवते. हात पाटीवर आहे आणि दोन सेकंद काही दाबलं नाही, तर हेच म्हणायचं होतं असं धरून ती बोलून टाकते. नको असेल तर हात उचलायचा, की ती थांबते. आणि ऐकणारा खूश होऊन बोलला की त्या वाक्याची वाट ती आणखी पक्की करते. मला हे फार हुशारीचं वाटलं होतं. पहिल्या पहिल्यांदा ह्यांचं एक वाक्य पुरं होईस्तोवर चहा गार व्हायचा. पुढं मी विचारायचा अवकाश, उत्तर हजर! ताट वाढलं की पाटी म्हणायची, "आमटी फक्कड झालीय." दिवेलागणीला मी शेजारी टेकले की म्हणायची, "दमलीस का गं, रंजना?"

उभ्या संसारात ह्या माणसानं मला 'दमलीस का' विचारलेलं नव्हतं. वाईट नव्हते, पण बाजारातला माणूस, सगळा जीव म्हशींच्या दातांत. आजारपणानं माणूस मऊ होतो म्हणतात. मी म्हटलं, उशिरा का होईना, आलं आपल्या वाट्याला. मग तासभर मी ह्यांच्याजवळ बडबडत बसायची. दिवसभरात मला कशाची ओढ असेल तर त्या एका तासाची.

तर बुधवारी सकाळी पाटी पलंगाजवळच्या टेबलावरून फरशीवर पडली. मी स्वयंपाकघरात होते. धावत आले तर पाटी पालथी, खिडकीत शेजारचा बोका बसलेला आणि हे छताकडं बघत पडलेले. बोक्याचा मी तिथल्या तिथं सात पिढ्यांपर्यंत उद्धार केला. पाटी उचलली तर ह्या कोपऱ्यापासून त्या कडेपर्यंत तडा. ह्यांचा हात ठेवून बघितला, नुसतं खर्र झालं आणि तेही थांबलं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा. आदल्याच संध्याकाळी ऋजुतानं विचारलं होतं, "बाबा, वडगावचं घर बंद करू या का? तुम्ही दोघं माझ्याकडंच या कायमचे." पाटी म्हणाली होती, "तू म्हणशील तसं, बाळा. मला कुठंही चालेल." ऋजुताला रडू कोसळलं होतं. मीही आत जाऊन डोळे पुसले होते, पण ते वेगळ्या कारणानं. मला माझं गाव सोडायचं नव्हतं. पण ज्यांचं दुखणं तेच तयार झाले, तर मी कुठल्या तोंडानं नाही म्हणणार?

दवाखान्यात फोन केला. डॉक्टरीणबाई सरळ बोलतात. म्हणाल्या, "नवी काच शिकायला वर्षभर रोज नीट दाबावं लागेल, काकू. तात्यांच्या हाताची ताकद कमी होत चाललीय. तेवढं ते दाबू शकतील, असं मी तुम्हाला सांगणार नाही." म्हणजे नवी पाटी घेतली तर घरात एक चकचकीत काच येणार आणि हे कायमचे मुके होणार.

शुक्रवारी पाटी पदराखाली झाकून स्टँडजवळ तौफिक मुल्लाणीच्या दुकानात गेले. तौफिक मोबाइल-टॅबलेटवाला, पन्नाशीचा, माझ्या दुकानाचा जुना शेजारी. त्यानं भिंगाखाली काच तिरकी धरून बराच वेळ बघितली.

"काकी, मधला थर चांगला आहे. तात्यांची बोटं जिथं पडतात तिथं तड्यानं काही केलेलं नाही. कडेच्या दोन तारा तुटल्यात. ही पहिली थरातून आवाजाकडं जाते. दुसरी थरातून अंदाजपट्टीकडं. दोन्ही चांदीचा लेप लावून जोडायच्या, तड्यात राळ भरायची, आणि निळ्या दिव्याखाली वाळवायचं."

"मग कर की."

"मी हात लावणार नाही. बोलपाटीचा परवाना नाही माझ्याकडं, दुकान बंद करतील. संच मात्र विकू शकतो. घरच्या माणसानं घरी उघडायला कायद्यानं मोकळीक आहे."

"दे मग संच."

"ऐका तरी. झाकणाचं सील तुटलं की कंपनी बदलून देत नाही. आणि काच सोडवताना जास्त गरम झाली तर थर जळतो. मग जुनीही गेली, नवीही गेली. तेलही गेलं, तूपही गेलं..."

"हाती धुपाटणं आलं. म्हण मलाही येते, तौफिक. पण सोमवारी ती दिली तर ह्यांचं बोलणं शंभर टक्के गेलं. घरी केली तर कदाचित गेलं. ह्यात जड कुठलं, ते तूच सांग."

त्यानं संच बांधून दिला, वर राळेची एक जादा बाटली ठेवली.

घरी येऊन ह्यांना विचारलं. तोंड गेलेल्या माणसाला विचारायची आमच्याकडं एक जुनी सोय होती, ती सांगायला पाहिजे. म्हशीच्या बाजारात पूर्वी हत्त्यानं सौदा व्हायचा. दोघांनी एकमेकांचा हात धरायचा, वर टॉवेल टाकायचा आणि भाव ठरायचा तो टॉवेलाखाली, बोटं दाबून. भोवती गर्दी असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. सगळा पंजा आवळला की सौदा पटला. आणि मधेच हात काढून घेणं म्हणजे समोरच्याला चारचौघांत जोडा मारल्यासारखं. भला माणूस ते करत नाही. पुढं सगळा भाव उघड बोलायचा झाला, मग मोबाइलवर आला, पण ही जुनी खोडं टॉवेल सोडायला तयार नव्हती. लग्न नवीन होतं तेव्हा ह्यांनी मला गंमत म्हणून थोडं शिकवलेलं. सासूबाई समोर बसलेल्या असताना सिनेमाला कितीच्या खेळाला जायचं ते आम्ही पदराखाली ठरवत असू.

मी ह्यांचा डावा हात हातात घेतला. "कंपनीला देऊन टाकू पाटी?"

ह्यांनी हात खेचून काढला. कष्ट पडले, पण काढलाच, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"शाबास! मग मी घरी दुरुस्त करते. करू ना, पहिली होती तशी?"

हात माझ्या हातात तसाच राहिला. आवळला नाही, काढलाही नाही. नुसता पडून राहिला. आवळायला जोर उरला नसेल, मी म्हटलं. मौन म्हणजे संमती, असं आपल्याकडं म्हणतातच. आपला हात जगन्नाथ. मी कामाला लागले.

शनिवारी दुपारी जेवणं आटोपली आणि मी जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरली. ह्यांची चाकाची खुर्ची समोर आणून ठेवली. ज्याचं बोलणं, त्याच्या डोळ्यांदेखत काम व्हावं. भिंतीवरचा पडदा बंद ठेवला, नाहीतर ऋजुता दर मिनिटाला किंचाळली असती. डोळ्याला भिंग लावलं आणि सील कापलं. आता परतीची वाट नव्हती.

कडेचा डिंक सैल करायला केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा द्यायची होती. थोडी हवा, थोडं थांबणं, मग पातळ पत्र्याची पट्टी आत सरकवायची, पुन्हा थोडी हवा. तीन बाजू लोण्यासारख्या सुटल्या. चौथी काही केल्या सुटेना. मी जरा जास्त वेळ हवा धरली आणि काचेखाली, अगदी मधोमध, वाटाण्याएवढा बुडबुडा आला.

"अगं आई गं!" मी यंत्र फेकलंच. तो बुडबुडा थरात आहे की वरच्या डिंकात, ते कळायला मार्ग नव्हता. ह्यांच्याकडं बघायची माझी हिंमत होईना. घाम पुसला, दोन घोट पाणी प्याले. उघड्या मशीनपुढं बसून रडायची मला सवय नाही. काच सोडवली.

संचात दोन बारीक चिमटे होते. लेप लावून कायमचं जोडण्याआधी तारा तात्पुरत्या जोडून तपासून घ्यायला. दोन्ही लावले. पाटी उजळली आणि तपासणीचं पान उघडलं. त्यावर दोनच ओळी. वरच्या ओळीच्या सुरुवातीला लिहिलेलं 'बोट', खालच्या ओळीला 'अंदाज'. मी ह्यांचा हात काचेवर ठेवला.

"चहा करू?"

"हो, फक्कड कर," पाटी म्हणाली.

तो आवाज! तीन दिवसांनी घरात माणूस बोललं. मी टाळीच वाजवली. मग पानाकडं लक्ष गेलं. खाली, अंदाजाच्या ओळीत, ते वाक्य उमटलेलं होतं. वर, बोटाच्या ओळीत, काहीच नव्हतं.

"पाठ दुखतेय का?"

"नाही गं, बरा आहे मी."

खाली वाक्य, वर कोरं.

जळला थर! तो बुडबुडा! माझ्या हातानं मी ह्यांचं बोलणं जाळलं, असंच वाटलं मला. कसाबसा ह्यांचा हात बाजूला केला आणि माझं स्वतःचं बोट त्याच जागी दाबलं. वरच्या ओळीत टणकन रेघ उठली. दुसरीकडं दाबलं, पुन्हा रेघ. मधोमध, बुडबुड्यावर दाबलं, तिथंही रेघ. काच ठणठणीत होती. म्हणजे हे दाबतच नव्हते.

मी ह्यांचा हात परत ठेवला आणि या खेपेला काचेकडं न बघता हाताकडं बघितलं. पाची बोटं पसरलेली, निपचित, थंड. हा हात मी ओळखत होते. बाजारात गिऱ्हाईक टॉवेलाखाली बोली करायचं तेव्हा ह्यांचा हात असाच व्हायचा. आणि त्या वेळी निपचित हाताचा अर्थ काय, ते पदराखाली ह्यांनीच मला शिकवलं होतं आणि मी विसरून गेले होते. त्याचा अर्थ 'हो' कधीच नसतो. त्याचा अर्थ, 'नाही पटलं. पुढं बोल.'

पाटी बनवणाऱ्यांनी ठरवलं होतं की पडून राहिलेला हात म्हणजे होकार, आणि नको असेल तर माणूस हात उचलेल. आमचे हे मेले तरी समोरच्या माणसाच्या बोलीवरून हात उचलणार नाहीत, आणि बायको-लेकीच्या तर नाहीच नाही. काल एकदाच काढला, तो बोलायची वस्तूच घरातून जायला निघाली तेव्हा. दोन सेकंदांत ह्यांची बोटं जमवाजमव करेपर्यंत पाटी बोलून मोकळी व्हायची. आम्ही खूश व्हायचो. ती वाट आणखी पक्की व्हायची. हा माणूस 'नाही पटलं, नाही पटलं' म्हणत राहिला आणि पाटी ह्यांच्याच आवाजात 'हो, हो' करत राहिली. आणि काल मी तरी दुसरं काय केलं होतं?

दोन्ही चिमटे काढले. दांडीवरचा टॉवेल आणला, ह्यांचा हात हातात घेतला आणि वर टॉवेल टाकला. ह्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट मान वळवली.

"चहा करू?"

हात निपचित.

"कॉफी?"

निपचित.

"मग काय, दूध?"

निपचित.

"ताक?"

पंजा आवळला! जोर लेकराएवढा, पण सगळी पाची बोटं. आणि मी चार वर्षं रोज दुपारी ह्यांना चहा पाजत होते.

"पुण्याला जायचं कायमचं?"

निपचित.

"बोक्यानं पाडली पाटी?"

निपचित.

"म्हणजे तुम्ही?"

ह्यांनी होता नव्हता तेवढा जोर लावून हात आवळला.

"अहो, मग सांगायचं नाही का मला?" मी ओरडले, आणि काय बोलले ते माझं मलाच कळलं. सांगणार कशानं? बोलायची एकच वस्तू घरात, आणि तीच ह्यांना बोलू देत नव्हती. मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यावर बाई कशी दिसते ते फक्त ह्यांनी बघितलं. बिचाऱ्या बोक्याच्या सात पिढ्यांची मी मनातल्या मनात माफी मागितली.

एक प्रश्न मात्र राहिला होता. विचारावा की नाही, ह्यातच बराच वेळ गेला. टॉवेलाखाली माझाच हात थंड पडला.

"ते 'दमलीस का' म्हणायचात रोज. ते तरी तुमचं होतं का?"

हे थांबले. मग एकच बोट दाबलं. एक. आणखी काही दाबतील म्हणून मी वाट बघितली. पुन्हा तेच एक बोट.

"एकदा?"

पंजा आवळला.

एकदा विचारलं होतं ह्यांनी. मी हरखून तासभर बोलत बसले असणार, आणि ते ऐकून पाटीनं ते रोजचं करून टाकलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? माझा तो संध्याकाळचा तास काचेनं दिलेला होता. टेबलावर दोन तारा होत्या. दुसरीही जोडली तर आज दिवेलागणीला तो आवाज पुन्हा विचारणार होता, दमलीस का गं, रंजना. जोडायची इच्छा मला झाली. फार झाली.

पण जो एकदा म्हणाला तो माणूस माझ्यासमोर बसला होता. मला नवरा हवा होता, गोडबोल्या नको होता.

"हे बघा," मी म्हटलं, "आता नीट बोली करते. पाटी दुरुस्त करते. आवाजाची तार जोडते, अंदाजाची जोडत नाही. तुम्ही दाबाल तेवढंच ती बोलेल. एका शब्दाला चहा गार झाला, ताक आंबट झालं, तरी मी थांबेन. ऋजुतालाही थांबायला लावेन. बोला."

सौदा पटला.

मग मला कसली घाई नव्हती. पहिल्या तारेवर सुईच्या टोकानं चांदीचा लेप लावला, तड्यात राळ भरली, निळ्या दिव्याखाली काच वाळत ठेवली. बुडबुडा राहिला, तो आजही आहे. दुसरी तार मी कात्रीनं मुळापासून कापून टाकली, म्हणजे पुढं कुणाला, मला स्वतःलासुद्धा, मोह नको.

रविवारी ऋजुताला पडद्यावर घेतलं. "बाबा, पाटी चालली? बरं वाटतंय?" तिनं विचारलं आणि लगेच, "आई, चालत नाही वाटतं ती."

"गप बस आणि थांब."

"अगं पण..."

"थांब म्हटलं ना!"

ती थांबली. ह्यांच्या कपाळाची शीर फुगली. बोटं दाबली, सुटली, पुन्हा दाबली. बऱ्याच वेळानं आवाज आला, तुटक, बाजारातल्यासारखा खणखणीत. "नाही. येणार."

"येणार नाही म्हणताहेत," मी म्हटलं. "पुण्याला."

"पण मंगळवारी ते हो म्हणाले! मी ऑफिसला, शेजाऱ्यांना, सगळ्यांना सांगितलं!" तिचा आवाज चढला. मग मी तिला सगळं सांगितलं, निपचित हाताचं, टॉवेलाचं, बोक्याचं.

"म्हणजे इतके दिवस आपण बोलत होतो कुणाशी, आई?"

"आपल्याला जे ऐकायचं असतं तेच बोलणाऱ्या काचेशी."

"आणि मी खूश होते," ती म्हणाली. "मला वाटायचं, बाबा आता माझं सगळं ऐकतात." तिनं डोळे पुसले आणि रागानंच विचारलं, "मग बाबा, मी काय करू ते तरी सांगा."

ह्या खेपेला तिला थांब म्हणावं लागलं नाही. ह्यांनी दाबलं, श्वास घेतला, पुन्हा दाबलं. "तूच. ये."

पुढच्या शनिवारी येते म्हणाली. म्हणताना नाक ओढत होती, पण हसतही होती.

सोमवारी कंपनीचा माणूस आला. भला होता बिचारा. तुटलेलं सील बघून म्हणाला, आता नवी मिळणार नाही. ठाऊक आहे म्हटलं. मग काच डोळ्याजवळ नेऊन म्हणाला, "मॅडम, अंदाजपट्टीची तार तुटलेलीच राहिलीय. ती नसली तर पेशंटला प्रत्येक शब्दाला त्रास होतो."

"त्रास त्यांचा आहे. त्यांनाच घेऊ द्या," मी म्हटलं. त्याला ते कळलं नसावं. ताक पिऊन गेला.

तो गेल्यावर मी ताटं वाढली. भात, भाजी, आमटी. ह्यांनी डाव्या हातानं चमचाभर आमटी घेतली, चमचा ठेवला आणि हात पाटीवर नेला. मी पुढ्यातलं जेवण तसंच ठेवून थांबले.

"आमटी," आवाज आला. पुढचा शब्द मला पाठ होता. चार वर्षांत किती वेळा ऐकला असेल. ह्यांची बोटं दाबत राहिली.

"अळणी."

मी तोंडाला पदर लावला. अळणीच होती! झटका आला तेव्हापासून डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलेलं, मी चिमूटभर सुद्धा जास्त टाकत नव्हते. इतकी वर्षं हा माणूस ती बेचव आमटी गिळत होता आणि पाटी 'फक्कड, फक्कड' करत होती. जिवाला इतकं बरं वाटलं मला! स्वयंपाकाला नाव ठेवलं म्हणून आनंदानं रडणारी बाई वडगावात मी पहिलीच असेन.

"मीठ मिळणार नाही," मी डोळे पुसत म्हटलं. "डॉक्टरांनी सांगितलंय."

ह्यांनी डाव्या हातानं खुर्चीवरचा टॉवेल ओढला आणि ताटाशेजारी टाकला. मी टॉवेलाखाली हात घातला. दोन बोटं दाबली गेली. दोन चिमटी.

मी हात निपचित ठेवला.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. तोंडाची एकच बाजू हलते, ती हसली. मग एक बोट दाबलं. मी हात निपचितच ठेवला. हे थांबले. आढेवेढे घेतले, छताकडं बघितलं, बाजारात घ्यायचे तसे सगळे नखरे केले आणि मग बोटाचं नुसतं वरचं पेर दाबलं. पेर म्हणजे अर्धं.

मी पंजा आवळला. उठले, अर्धी चिमूट मीठ आणलं आणि ह्यांच्या वाटीत टाकलं. ह्यांनी आमटी चाखली. मग हात पाटीवर नेला आणि बराच वेळ दाबत राहिले. माझा भात गार झाला. मी थांबले.

"लबाड," हे म्हणाले.